अठरा नखं

कुत्र्याची नखं कापायला सकाळची वेळ निवडा. नवीन जालन्यात उन्हाळ्याच्या दिवसांत साडेसहा ते साडेसात हा तासभर अंगणात किंवा गच्चीवर बसण्यासारखा असतो; नंतर फरशी तापते. नळाला पाणी येण्याचा दिवस मात्र नको. पाणी सुटलं की गल्लीत मोटारी चालू होतात, बादल्या-घागरी वाजतात, घरातलं प्रत्येक माणूस धावत असतं, आणि ती धावपळ कुत्र्याच्या अंगात आपल्याआधी उतरलेली असते. घरात कुणाला कुठे जायचं नाही असा दिवस घ्या. दिवेलागणीनंतर नखं कापू नयेत असं घरातली म्हातारी माणसं सांगत आली, तेही आज ऐका. काळ्या नखात जिव्हाळी, म्हणजे आतला जिवंत भाग, कुठे संपते हे ट्यूबलाइटखाली नीट दिसत नाही. त्याला दिवसाचाच उजेड लागतो.

खाली बसा. खुर्चीवर नको, जमिनीवर. पाठ भिंतीला टेकवा. कटर शेजारी ठेवा, दिसेल असं. पाठीमागे लपवू नका. भाकरीचे किंवा उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे एका वाटीत घ्या. हात धुतले आहेत का ते आठवा. मोसंबी सोलली असेल तर साबण लावून धुवा, त्या सालीचा वास बऱ्याच कुत्र्यांना नकोसा होतो, आणि हंगामात जालन्यातल्या घराघरात तो वास हातांना असतोच. कुत्र्याला बोलावू नका.

बसलात की आधी स्वतःच्या खांद्यांकडे लक्ष द्या. वर चढले असतील तर खाली सोडा. जबडा सैल करा. श्वास चालला आहे तसा चालू द्या, फक्त सोडताना घाई करू नका. आता मनात काय आहे ते बघा. बहुतेकांच्या मनात या वेळी एकच गोष्ट असते: एकदाचं उरकून टाकू. डबा भरायचा आहे, दुकान उघडायचं आहे, मोंढ्यात जायचं आहे, त्याआधी हे झालं पाहिजे. ही इच्छा वाईट नाही, घर तिच्यावरच चालतं. पण आज ती कुत्र्याच्या पंजापर्यंत पोचू देऊ नका. उरकणाऱ्या हाताची पकड वेगळी असते, आणि कुत्र्याला ती पहिल्या क्षणाला ओळखू येते. म्हणून आज काहीही कापायचं नाही असं ठरवून बसा. खरोखर ठरवा. कापणं झालं तर होईल. नाही झालं तरी सकाळ वाया गेली असं समजायचं कारण नाही.

कुत्रं येईल. लगेच नाही. आधी ते दारातून बघेल. भूक नसताना नाकावरून जीभ फिरवेल, झोप नसताना जांभई देईल, मान दुसरीकडे वळवून डोळ्यांच्या कडेने कटरकडे पाहील. एखादं आल्या पावली परत जाईल आणि बाजेखाली जाऊन बसेल. हे सगळं बोलणंच आहे. गुरगुरणं, दात दाखवणं हे फार पुढचं. त्याआधी त्याने कितीतरी वेळा हळू आवाजात सांगून पाहिलेलं असतं. आज एवढंच करा की ते सांगतंय ते पूर्ण ऐकून घ्या. काही उत्तर देऊ नका.

ते चालत आलं तर कान द्या. शहाबादी फरशीवर नखं वाजतात का? वाजत असतील तर ती वाढली आहेत. कुत्रं बोटांवर चालतं. त्याची टाच वर, मागच्या पायाच्या मध्यावर असते आणि जमिनीला टेकत नाही. वाढलेलं नख उभं राहताना जमिनीला लागलं की जमीन त्याला मागे ढकलते, आणि तो दाब बोटाच्या सांध्यात जातो. प्रत्येक पावलाला जातो. बोटं फाकतात, वजन टाकायची ढब बदलते, गुळगुळीत फरशीवर पाय घसरायला लागतात. कुत्रं याची तक्रार करत नाही, जिन्यावर जरा थांबून मग चढतं, एवढंच.

आता थोडा वेळ डोळे मिटून नदीपलीकडच्या आणि अलीकडच्या गल्ल्या आठवा. कुंडलिकेच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवीन. कादराबादच्या बोळांतून, सदर बाजारातल्या ओट्यांखालून दिवसभर हिंडणारी कुत्री डोळ्यांसमोर आणा. त्यांची नखं कुणी कापत नाही. सिमेंटचा रस्ता, खडी, माती, सावलीसाठी खड्डा उकरणं, यातच ती झिजतात. त्यांच्यातलंच एक पिल्लू आपण उचलून घरात आणलं. त्याला गुळगुळीत फरशी दिली. एप्रिल-मेमध्ये डांबराचे चटके बसतात म्हणून फिरणं पहाटेच्या आणि रात्रीच्या चकरेपुरतं आणलं, आणि ते बरोबरच केलं. पण नख झिजायला जागा उरली नाही, म्हणून हे कटर घरात आलं. ही गरज कुत्र्याच्या आयुष्यात आपण आणली आहे. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. ट्रकखाली सापडण्यापासून, उपाशी राहण्यापासून आपण त्याला सोडवलं आहे. मात्र आपण निर्माण केलेल्या गरजेची किंमत त्याच्या भीतीतून वसूल करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

नामदेवांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणत. नरसी नामदेव हे गाव हिंगोली जिल्ह्यात, आपल्या मराठवाड्यातच. ही गोष्ट आपण लहानपणापासून नामदेवांच्या बाजूने ऐकली: सर्वांभूती एकच देव, त्या करुणेची गोष्ट. आज ती कुत्र्याच्या बाजूने ऐका. डोळे मिटा आणि त्याच्या जागी धावून बघा. तोंडात भाकरी आहे, कान मागे टाकलेले आहेत, आणि पाठीमागे माणसाची पावलं वाजताहेत. त्याला वाटी दिसत नाही. वाटीतलं तूप दिसत नाही. मागे लागलेला माणूस दिसतो. मनातली माया कितीही खरी असो, कुत्र्यापर्यंत पोचतो तो आपला वेग, आपला आवाज, आपली पकड. मला ही गोष्ट त्यामुळे कमी प्रिय झालेली नाही. उलट नखं कापायला बसताना रोज आठवते. तुमच्या हातातही आत्ता वाटी आहे. ती त्याला दिसेल इतके हळू व्हा.

आता ते जवळ बसलं असेल तर हात त्याच्या खांद्यावर ठेवा. पंजावर नको. खांदा ही ओळखीची जागा आहे. तिथून तळहात केसांच्या दिशेने कोपरापर्यंत खाली न्या आणि काढून घ्या. एक तुकडा द्या. पुन्हा खांदा, कोपर, मग मनगट. काढून घ्या. तुकडा. कुठल्या जागी त्याचं अंग ताठ होतं ते तळहाताला कळेल; श्वास अडतो, कातडी किंचित थरथरते. त्या जागेच्या बोटभर अलीकडे थांबा. उद्या तिथूनच पुढे जायचं आहे. त्याने पाय ओढला तर सोडा, ताबडतोब, बोटं उघडी ठेवून. नंतर लगेच पुन्हा धरू नका. पाय ओढला की सुटतो, हे त्याला एकदा नाही, अनेकदा अनुभवायला मिळू द्या. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, कारण सोडलं तर लाडावेल असं वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. आमची राणी पंजा ओढून घेते, हातावर नाक लावते, जरा वेळ बाहेर बघते आणि तोच पंजा पुन्हा माझ्या मांडीवर टाकते. घट्ट धरलेला असताना ती तो कधीच टाकणार नाही.

पंजा तळहातावर आला की कापायचं विसरून जा आणि बघा. आपण कुत्र्याच्या डोळ्यांत खूप वेळा पाहतो, पंजाकडे असं बघत नाही. मधली मोठी गादी बघा, तिच्यावरची खरखरीत, दाणेदार कातडी. चार बोटांच्या चार लहान गाद्या. राणीच्या उजव्या पंजाची एक गादी गुलाबी आहे, बाकीच्या काळ्या. गुलाबीवर फुफाट्याचा रंग लवकर चढतो. बोटांच्या बेचक्यातले केस बाजूला करा, तिथे खडा किंवा कुसळ अडकलेलं असू शकतं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः या तळव्यांना, म्हणून घाबरलेलं कुत्रं फरशीवर ओलसर ठसे उमटवतं. तळहाताला ओल लागतेय का? लागत असेल तर आजचं काम इथे संपलं. वाटीतले उरलेले तुकडे देऊन टाका.

ओल नसेल, तर नखाकडे या. प्रत्येक पायाला चार, आणि पुढच्या पायांना आतल्या बाजूने वर एकेक अंगठ्याचं. बहुतेक कुत्र्यांची मिळून अठरा. अंगठ्याचं नख जमिनीला टेकत नाही, त्यामुळे ते झिजत नाही, वाकत जातं आणि दुर्लक्ष झालं तर वळून कातडीत रुततं. लांब केसांच्या कुत्र्यात ते महिनोन्‌महिने दिसतही नाही. आज तुम्हाला एकच नख निवडायचं असेल तर हे निवडा.

पोळ्याच्या दिवसांत आपल्याकडे जनावराच्या पायांचा विचार होतो. गाडीचा बैल डांबरी रस्त्यावर चालतो, त्याचे खूर झिजतात, म्हणून त्याला पत्री ठोकावी लागते. कुत्र्याचं दुखणं याच्या उलट. पत्री ठोकताना बैलाला दोर टाकून आडवा पाडतात, पाय एकत्र बांधतात, माणसं त्याला दाबून धरतात. तो फुसफुसत पडून राहतो, डोळे विस्फारलेले. आणि त्याच बैलाचे खांदे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोणी-हळदीने मळतात, आणि उद्या जेवायला या म्हणून त्याला हात जोडून आवतण देतात. दोन्ही गोष्टी एकाच दावणीवर होतात. पाडणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्या वजनाच्या जनावराच्या खुरात खिळा ठोकताना दुसरा इलाज बहुधा नव्हता, आणि शेतीच्या कामाला दिवस थांबत नाहीत. पण आपल्या मांडीवर बसलेलं बारा-पंधरा किलोचं कुत्रं आणि आपल्या हातातली मोकळी सकाळ, यात दोराचं काम काय? जनावराला विचारून घ्यायची रीत आपल्या शिवारात आहेच. वर्षातून एका संध्याकाळी ती पाळतो, ती या पंजापाशी रोज पाळता येईल. चारी पाय धरून, तोंडाला फडकं बांधून एका बैठकीत अठरा नखं उरकण्याची पद्धत मला मान्य नाही. नख कातडीत रुतलं असेल, मुळापासून फाटलं असेल, कुत्रं लंगडत असेल, तर गोष्ट निराळी. तिथे हळूपणाचा हट्ट धरू नका. पशुवैद्याकडे न्या, ते गुंगीचं औषध देऊन काम करतात आणि ती त्या दिवसापुरती दयाच असते.

आता आवाज. कटर पंजापासून दूर धरा आणि हवेत एकदा दाबा. कट्. लगेच तुकडा द्या. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,०००च्या आसपासपर्यंत. आपल्याला पातळ वाटणारा हा कट् त्याच्या कानाशी काय करत असेल ते आपण त्याच्या कानाने ऐकू शकत नाही. रशियातले इव्हान पाव्हलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या अभ्यासाबद्दल. त्या अभ्यासातल्या कुत्र्यांच्या तोंडाला अन्न समोर येण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनेच पाणी सुटायला लागलं होतं. चाहूल आधी, अन्न नंतर. हा क्रम सांभाळा. आधी तुकडा दाखवून मग कटर काढलंत तर चाहूल उलटी होते, आणि भाकरी दिसली की कुत्रं पळायला लागतं. कट्, मग तुकडा. थोडं थांबून पुन्हा. नंतर केरसुणीची एक काडी पंजाजवळ धरा आणि ती कापा, म्हणजे कापण्याचा खरा आवाज होतो आणि पंजाला काहीच होत नाही. मोठ्या रस्त्यावरून सळयांचा ट्रक गेला, लोखंड खडखडलं आणि कुत्र्याचे कान उभे राहिले, तर तुम्हीही थांबा. कान पुन्हा खाली येईपर्यंत नुसते बसा. ट्रक जातातच.

कदाचित आज नाही, पण अशी एक सकाळ येते की खांदा, कोपर, मनगट, पंजा, कट्, तुकडा यातल्या कशानेच अंग ताठ होत नाही. तेव्हा एक नख अंगठा आणि तर्जनीत धरा. बोट दाबू नका, नुसता आधार द्या. टोकाचा मिलिमीटरभर भाग, नखाच्या वळणाला तिरपा. कटरला धार असली पाहिजे. बोथट पातं कापण्याआधी नख चेपतं, आणि जिव्हाळीला धक्का न लागताही ते दुखतं. घराघरात कुत्रं नखं कापू देत नाही याचं एक मोठं कारण हे बोथट कटर असावं, असा माझा संशय आहे. श्वास सोडता सोडता दाबा. तुकडा द्या. आता छेदाकडे बघा. पांढऱ्या नखात जिव्हाळीचा गुलाबी रंग बाहेरूनच दिसतो. आपल्या गावठी कुत्र्यांची नखं बहुतेक काळी, तिथे छेदच वाचावा लागतो: आधी तो कोरडा, पांढुरका, भुगा सुटल्यासारखा असतो. आणखी एक पापुद्रा काढला की मधोमध करडा, मग काळसर ओलसर ठिपका दिसतो. तिथे थांबा. त्यापुढे रक्तवाहिनी आहे आणि मज्जातंतू आहे. नख आणखी आखूड हवं होतं असं वाटलं तरी थांबा. दर काही दिवसांनी थोडं थोडं काढत राहिलं तर जिव्हाळीही मागे सरकत जाते. आज जे कापता येत नाही ते महिन्या-दोन महिन्यांनी कापता येतं. एका सकाळी एक नख धरलं तर अठरावं होईपर्यंत पहिलं पुन्हा वाढायला लागलेलं असेल. त्याने खिन्न होऊ नका. हे काम संपणारं नाही, म्हणून त्याला उरकायचं ओझंही नाही.

कधी जिव्हाळीला लागेलच. हे आधीच मनात घेऊन ठेवा, म्हणजे त्या क्षणी तुमच्या तोंडून किंचाळी निघणार नाही. कुत्रं ओरडेल, पाय ओढेल, फरशीवर लाल थेंब पडतील. ते दिसतात त्यापेक्षा कमी असतात. पंजा शोधायला मागे धावू नका, नामदेवांचं कुत्रं आठवा. ते थांबलं की कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन टोकावर दाबून धरा. न्हाव्याच्या पेटीतली तुरटीही चालते, ती रक्त आवळते, पण झोंबते, म्हणून मी कॉर्नफ्लोअर आधी घेते. काही मिनिटं चाटू देऊ नका. बराच वेळ दाबूनही रक्त थांबलं नाही तर दवाखान्यात न्या. आणि त्या दिवशी दुसरं नख नको.

गुरगुरलं तर त्याला दटावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे, आणि सूचना देण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी सूचना न देता चावतं. हात थांबवा, श्वास सोडा, पंजा सोडा. इतकं करूनही दात लागला, रक्त आलं, तर कुत्रं घरचं आहे, लस दिलेली आहे म्हणून सोडून देऊ नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा.

तेवढ्यात घरातलं कुणीतरी दारात येईल आणि म्हणेल, धरू का मी? मायेने विचारतील. त्यांना नाही म्हणू नका, काम द्या. कुत्र्याच्या डोक्याशी बसवा, वाटी त्यांच्या हातात द्या आणि सांगा की धरायचं काहीच नाही, मी कट् केलं की एक तुकडा. दोन माणसांच्या मध्ये, कुणीही न धरलेलं कुत्रं बसलंय हे त्यांनाही पाहू द्या. लहान लेकरू असेल तर त्याला थोडं दूर, बघायला बसवा. जनावराच्या अंगाला हात लावण्याआधी थांबायचं असतं हे ते इथे शिकेल. पुढे गोठ्यात, शेतात, रस्त्यावर त्याला ते लागणार आहे.

कुत्रं उठून गेलं की जाऊ द्या. कटर पुसून पेटीत ठेवा, नखाचे तुकडे झाडून घ्या, ते अनवाणी पायाला टोचतात. मग भिंतीवरच्या कालनिर्णयकडे जा. दूध, गॅस, नळाला पाणी आलं ती तारीख, या नोंदींच्या शेजारी आजच्या चौकोनात लिहा: पुढचा उजवा, अंगठा. काहीच कापलं नसेल तर लिहा: मनगटापर्यंत. पुढच्या वेळी बसाल तेव्हा कुठून सुरुवात करायची ते शोधावं लागणार नाही.